वेरूच्या खांद्यावर कोणाचा हात

तांबेवस्ती मिशन, ता. पाटोदा
ख्रिस्तराजाचा रविवार, २३ नोव्हेंबर २००३

केसर, सलाम.

हे पत्र ऊसतोडीचा मुकादम बद्रीनाथ याच्या ट्रकबरोबर पाठवते आहे. तो म्हणाला, "टोळी कोन्त्या बी फडात आसंना बाई, केसरच्या हातातच दीन." कारखान्याच्या गेटवर फोन आहे म्हणतात, पण तुला तिथं कोण बोलावणार? आणि बोलावलं तरी माझं नाव ऐकून तू येणार नाहीस. पत्र निदान तुझ्या पाचटाच्या कोपीत पडून तरी राहील.

वेरू बरी आहे, हे आधी सांगते. खोकला गेला. छबुबाई तिला रोज गूळ-सुंठ देते. छबुबाईचं तुला माहीतच आहे, बोर्डिंगच्या चुलीपुढून ती हलत नाही आणि कुणी जेवल्याशिवाय झोपू देत नाही. नववीच्या चाचणीत वेरू मराठीत पहिली आली, गणितात कशीबशी तरली. त्या बाबतीत ती तुझ्यावर गेली आहे.

आता कामाचं. अठरा एप्रिलला, ईस्टरनंतरच्या रविवारी, बिशप येणार आहेत आणि आपल्या मुलांचा दृढीकरण संस्कार होणार आहे. तुझी ही शिकवणी अर्धीच राहिली होती, म्हणून लिहिते. बाप्तिस्मा आईबापांनी आपल्या वतीनं घेतलेला असतो. दृढीकरणात मूल पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं म्हणतं, होय, मी विश्वास ठेवते. बिशप कपाळावर पवित्र तेल लावतात तेव्हा मुलीच्या मागं तिची धर्ममाता उभी असते, उजवा हात तिच्या खांद्यावर ठेवून. त्यानंतर आयुष्यभर त्या मुलीच्या श्रद्धेची विचारपूस करणं हे तिचं काम.

वेरू मागच्या आठवड्यात शाळेच्या ओट्यावर आली आणि म्हणाली, "बाई, माझी धर्ममाता तुमी व्हा."

मी म्हटलं, "तुझ्या आईला विचारते."

"आईला कशाला? ती तुमच्याशी बोलत न्हाई. कावून बोलत न्हाई ती?"

मी म्हटलं, मोठ्या माणसांचं काही असतं. तिनं माझ्याकडं पाहिलं. तुझेच डोळे आहेत.

म्हणून तुझी परवानगी मागते आहे. तू नाही म्हणालीस तर मी होणार नाही. सतरा वर्षं तू माझ्याशी बोललेली नाहीस. दर दसऱ्याला वेरूला फाटकापर्यंत आणतेस, तिची ट्रंक छबुबाईच्या हातात देतेस आणि आत पाऊल न टाकता परत जातेस. मी खिडकीतून बघते. तुला हाक मारायचं धाडस मला एकदाही झालं नाही.

माझ्या हातून चूक झाली, हे मी मान्य करते. एकोणीसशे शहाऐंशीचा ऑगस्ट. तेव्हाही पाऊस असाच रुसलेला होता. तुम्हा मुलांना तोंडानं विचारायला लाज वाटते म्हणून मी दूध पावडरच्या डब्याला चीर पाडून ठेवली होती. ज्याला जे विचारायचं ते नाव न लिहिता चिठ्ठीत लिहून टाका; रविवारी वर्गात मी उत्तर देईन. एक चिठ्ठी निघाली: आईबाप सांगतील ते करणं म्हणजेच चौथी आज्ञा पाळणं का? नाही म्हटलं तर पाप लागतं का?

कुणाची चिठ्ठी ते मला कळलं नव्हतं. वाटलं, एखाद्या टारगट मुलाला फडावर जायचं जिवावर आलं असेल. मी म्हटलं, आईबापांचा मान राखा ही देवाची आज्ञा आहे आणि बाळ येशूसुद्धा नाझरेथला आईबापांच्या आज्ञेत राहिला. एवढंच. पुढच्या चिठ्ठीकडं वळले.

मग महिन्याभरात तुझं लग्न झालं. दसऱ्यानंतर तू म्हाळूबरोबर फडावर गेलीस. तू पंधरा वर्षांची होतीस. त्या वर्षीच्या दृढीकरणाच्या यादीत तुझं नाव आहे आणि त्यापुढची धर्ममातेची जागा कोरी आहे.

त्यानंतर मी तो डबा कधी ठेवला नाही.

उत्तराची वाट बघते.

आगाथाबाई


तांबेवस्ती
पवित्र कुटुंबाचा सण, २८ डिसेंबर २००३

केसर,

नाताळ झाला. तुझं पत्र आलं नाही. कदाचित बद्रीनाथनं पहिलं पत्र दिलंच नसेल, असं मनाला समजावते.

गोठा यंदा मुलांनी ज्वारीच्या धाटांचा केला नाही, कारण धाटं आहेत कुठं? पोत्यांचा केला. गवत म्हणून बाभळीच्या शेंगा पसरल्या. आपल्या भागातल्या सहकारी कारखान्याचं धुराडं पेटलंच नाही. जो थोडा ऊस होता त्याच्यावर लोकरी मावा पडला. पानं कापूस लावल्यासारखी पांढरी झाली. दूध संघाचे कॅन केंद्रावर पालथे घातलेले आहेत. टँकर तिसऱ्या दिवशी येतो. सरकारी चारा छावणीत गाई-बैल घेतात, शेळ्या घेत नाहीत, आणि आपल्या वस्तीवर तर शेळ्याच आहेत.

युवक मंडळात तेवीस मुलं होती. चौदा फडावर गेली. नऊ उरली आहेत, त्यांना घेऊन बसते. कधी कधी वाटतं, कॉन्व्हेंटात आम्हाला किती सोपं होतं. घंटा झाली की प्रार्थना, घंटा झाली की जेवण. सिस्टर इमॅक्युलाटा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला म्हणायच्या, आधी हात धुऊन ये. हात धुऊन येईपर्यंत प्रश्न विरून जायचा. मी तिथून अक्षर शिकले, पेटी वाजवायला शिकले, विणायला शिकले. प्रश्नाला तोंड द्यायला शिकले नाही. त्या सिस्टरांवर माझा फार जीव होता, अजूनही आहे, म्हणून हे लिहिताना वाईट वाटतं.

तुला एक कळवणं भाग आहे. नाताळच्या दिवशी तुमच्या वस्तीवरची कौशल्याबाई आली होती. गुडघ्यांमुळं ती यंदा टोळीबरोबर गेली नाही ना. वेरूसाठी हिरव्या बांगड्या आणल्या होत्या. मला ओट्यावर बसवून म्हणाली, "पोरगी थोराड दिसाया लागली, बाई. आमच्या पोराला, सटवाला, जोडी न्हाई. यंदा एकलाच, अर्धा कोयता म्हनून राबतोय. हंगाम सरला का लगीन उरकून टाकू म्हनते."

मी म्हटलं, "ती पंधरा वर्षांची आहे."

"तिची आई कितीची व्हती?"

मी बांगड्या उचलून मांडीवर घेतल्या.

"तुमी सांगा तिला. तुमचं ती ऐकती."

केसर, मी तिला सरळ नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, आईबाप येऊ देत, मग बघू. बांगड्या माझ्या टेबलाच्या खणात आहेत. वेरूला दाखवल्या नाहीत. सटवा चांगला मुलगा आहे, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तुझा आणि म्हाळूचा काय विचार आहे ते मला माहीत नाही.

आज देवळात रविवारच्या मिस्सेत बारा वर्षांच्या येशूचा उतारा वाचला. त्यावर मुलांशी बोलायचं ठरवलं होतं, पण माझा घसा बसला होता, म्हणून जपमाळ घेतली.

परवानगीचं कळव. नकार असेल तर तोही कळव.

आगाथाबाई


(केसरचं उत्तर. तारीख नाही. बद्रीनाथनं ८ फेब्रुवारीला आणून दिलं.)

फड, शिरोळकडं

आगाथाबाईस,

तुमची दोनी पत्रं भेटली. पयलं चुलीत घालनार व्हते. म्हाळू म्हनला, घालू नको, वाच. लिवायची सवय मोडली हाय. चुकलं तर चुकलं.

वेरूचा खोकला गेला ते बरं झालं. छबुबाईला सांगा, तिला रातीच्याला दही देऊ नगा.

चिठ्ठी कुनाची ते तुमाला कळलं न्हाई म्हून लिवलं. ते खोटं हाय. मी तिसऱ्या वळीत बसलते. तुमी चिठ्ठी उघडली आन् वाचायच्या आदी माज्याकडं बगितलं. मग चष्मा पुसला. मग वाचली. माझं अक्षर तुमीच चार रेघी वहीत वळनावर आनलं व्हतं. त्या दिवशी म्या मुद्दाम वळनदार लिवलं. तुमाला कळावं म्हून.

तुमी न्हाई म्हनल्या असत्या तर बापानं ऐकलं असतं का न्हाई, ठावं न्हाई. न्हाई बी ऐकलं असतं. पन मला माज्या बाजूचं येक मानूस पायजे व्हतं. मग मी मनाशी म्हनलं, देव बी बापाच्याच बाजूचा हाय. तवापासून मिस्सेला आले न्हाई.

म्हाळू वाईट न्हाई. त्याला बी कुनी इचारलं नव्हतं, एकोनीस वर्साचा व्हता. पन मी पंधराव्या वर्सी उसाची मोळी डोक्यावर घेतली. पयलं लेकरू फडातच गेलं, पाचटात. ते तुमाला ठावं न्हाई. आता ठावं ऱ्हाऊ द्या.

तुमी वेरूला काय शिकवनार? आईचं ऐक म्हून? तिला माझं बी ऐकायला शिकवू नगा. कौशल्या हिकडं बी निरोप धाडती. म्हाळूनं हो बी म्हनलं न्हाई, न्हाई बी म्हनलं न्हाई. मी न्हाई म्हनते, पन टोळीत बाईचं न्हाई कोन धरत न्हाई. तिनं सोता म्हनलं पायजे. ते तिला येतंय का, तेवढं बगा.

धर्ममाता व्हायचं असंल तर येक करा. तवा तुमी जे बोल्ल्या ते समद्या पोरांच्या म्होरं बोल्ल्या. आता खरं बी पोरांच्या म्होरं सांगा, वेरू बसलेली आसताना. माझं नाव घ्या, मला लाज न्हाई. मग ती म्हनंल ते.

केसर


तांबेवस्ती
११ फेब्रुवारी २००४

केसर,

तुझं पत्र तीन दिवस माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. तुझ्या लेकराबद्दल मला माहीत नव्हतं. मिस्सेत त्याच्यासाठी प्रार्थना ठेवू का, असं विचारणार होते. मग वाटलं, विचारण्याचाही हक्क मला नाही. त्याचं नाव ठेवलं होतं का तुम्ही?

होय. मी तुझं अक्षर ओळखलं होतं. पहिल्या ओळीतच ओळखलं. ज्ञ काढताना तू जो फाटा द्यायचीस तसा दुसरं कुणी देत नसे, आणि तो मीच तुला शिकवला होता.

तरी तसं उत्तर का दिलं, ते आता सांगते. ही सबब नाही. सतरा वर्षांत मी हे कुणाला सांगितलेलं नाही.

त्या रविवारच्या आदल्या दिवशी तुझे वडील आले होते. आश्रुबा म्हणजे आपल्या देवळाची घंटा वाजवणारा, पहाटे कुणाच्याही आधी येणारा माणूस. टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, केसरचं जमवलंय. नवरा-बायकूची जोडी असली तरच मुकादम कोयता धरतो. इथं तर प्यायला पानी न्हाई. फादर वयाचं काय म्हनतील त्यांना तुमी सांबाळा. देवळात न्हाई लावलं तर पिंपळाखाली लावू. मग आमी काय हिकडं परत येनार न्हाई. आमच्या मागं कोन येईल, कोन न्हाई, ते मी सांगू शकत न्हाई."

वस्तीवर आपली ख्रिस्ती अकरा घरं होती. त्याच उन्हाळ्यात पलीकडच्या वाडीवरची तीन घरं ख्रिस्तमंडळी सोडून गेली होती. दुसऱ्या दिवशी तुझी चिठ्ठी हातात आली, तुझ्याकडं पाहिलं, आणि मी अकरा घरं मोजली. एका बाजूला अकरा घरं आणि एका बाजूला तू. मी चष्मा पुसला, हे तुझं बरोबर आहे. तेवढ्या वेळात मी ठरवलं.

नंतर तीन रविवार मिस्सेत तुझ्या लग्नाची पुकार झाली. कुणाची हरकत असेल तर सांगावी, असं फादर तीनदा म्हणाले. तिन्ही वेळा मी पेटीपुढं बसले होते. तिसऱ्यांदा त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी सूर धरला.

मी फादरांकडे पापनिवेदन केलं. त्यांनी प्रायश्चित्त म्हणून एक जपमाळ सांगितली. मी तीन म्हटल्या. वाटलं, फिटलं.

तुझ्या अटीबद्दल. वेरूला एकटीला बसवून सांगितलं तर चालेल का, असं मी आधी लिहिलं होतं. तो कागद फाडला. माझ्याजवळ ही नऊ मुलं आहेत, केसर. नवरा गेला, मूलबाळ नाही, शाळेतून निवृत्त झाले. ही मुलं मला "बाई" म्हणून हाक मारतात, त्यावर माझा दिवस उभा राहतो. त्यांच्यापुढं हे सांगितलं तर ती उद्या कशी हाक मारतील, याची मला भीती वाटते. खरं तेच लिहिते.

तरी सांगीन. उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी.

आगाथा


तांबेवस्ती
उपवासकाळाचा पहिला रविवार, २९ फेब्रुवारी २००४

केसर,

सांगितलं.

मिस्सेनंतर नऊ जण ओट्यावर बसले. दर रविवारी दुपारी ती छावणीत पाण्याच्या टाक्या भरायला जातात, म्हणून सगळ्यांच्या डोक्याला आधीच फडकी बांधलेली. उपवासकाळात कोण काय सोडणार, असं मी रीतीप्रमाणं विचारलं. एकजण म्हणाला, "मी आंघुळ सोडनार." दुसरा म्हणाला, "ती तर टँकरनंच सोडिवली." सगळी हसली, मीही हसले आणि हसता हसताच सुरुवात केली, नाहीतर झाली नसती.

तुझं नाव घेतलं. डबा, चिठ्ठी, तुझं अक्षर, आश्रुबांचं बोलणं, अकरा घरं, तीन पुकारी. काही सोडलं नाही. वेरू दुसऱ्या ओळीत होती. मी तिच्याकडं पाहूनच बोलले. दोनदा नजर खाली गेली, पुन्हा वर आणली.

मग आंघोळवाला मुलगा म्हणाला, "बाई, तुमी कन्फेशन केलं व्हतं का?"

"केलं होतं."

"मग झालं की. माफ झालं."

वेरू म्हणाली, "झालं कसं बे? माज्या आईला कुनी सांगितलं व्हतं का?"

मुलींनी बे म्हणू नये, असं मी एरवी म्हणते. आज म्हटलं नाही.

मग तिनं मला विचारलं, "तुमी नेमकं काय उत्तर दिलतं? तसंच्या तसं सांगा." मी सांगितलं. चौथी आज्ञा, आणि बाळ येशू नाझरेथला आईबापांच्या आज्ञेत राहिला.

ती म्हणाली, "पन बाई, त्याच्या आदी तीन दिवस तो न सांगता देवळात बसला व्हता. नाताळनंतरच्या रविवारी फादरनी वाचलं की. मरियेनं इचारलं, असं कावून केलंस, तर त्यानं तिलाच उलटा सवाल केला. तुमी तेवढं कावून सोडलं?"

केसर, चाळीस वर्षं मी तो उतारा शिकवते आहे. प्रत्येक वेळी 'आज्ञेत राहिला' या शेवटच्या वाक्याशी येऊन थांबले, कारण मुलांनी घरी घेऊन जायचं ते तेवढंच, असं मला वाटायचं. आधीचे तीन दिवस मी कथा म्हणून सांगत असे. त्या तीन दिवसांत आईबापांचा जीव जात होता आणि तो मुलगा शांतपणे प्रश्न विचारत बसला होता, आणि शास्त्रात त्याला पाप म्हटलेलं नाही. हे माझ्या पंधरा वर्षांच्या विद्यार्थिनीनं ओट्यावर बसून मला दाखवलं.

मी म्हटलं, "भीतीनं सोडलं."

तिनं डोक्याचं फडकं घट्ट बांधलं. मुलं छावणीकडं गेली. जाताना एकानं नेहमीसारखं "येतो बाई" म्हटलं, बाकीचे तसेच गेले. वेरू जाताना मागं वळली नाही. संध्याकाळी जेवली का, ते छबुबाईला विचारलं. जेवली म्हणाली.

तुझी अट पुरी झाली की नाही ते तू ठरव. मी तुझ्याकडून सुटका मागत नाही.

आगाथा


तांबेवस्ती
१४ मार्च २००४

केसर,

बद्रीनाथ म्हणतो, पट्टा पंधरा दिवसांत पडेल, म्हणजे कारखाना बंद होईल, टोळी लवकर येईल. तू येण्याआधी हे तुला कळावं म्हणून लिहिते.

तुझा निरोप त्यानं तोंडी दिला: "सांगितलं ते बरं केलं. आता वेरू म्हनंल तसं." तो मी त्याला दोनदा म्हणायला लावला.

गुरुवारी टँकर आला होता. कौशल्याबाई घागर घेऊन मिशनच्या फाटकाशी रांगेत होती. वेरू बोर्डिंगचं पाणी धरायला गेली आणि मी हंडे मोजायला. कौशल्याबाईनं तिथंच विषय काढला, दहा बायांच्या देखत.

"काय बाई, टोळी आली का उरकायचं ना?"

मी तोंड उघडलं होतं. त्याआधी वेरू म्हणाली, "बाईंना कशाला इचारता, मावशी? मला इचारा."

"बरं, तुला इचारते."

"न्हाई."

"न्हाई म्हंजी?"

"न्हाई म्हंजी न्हाई. मला धावीला बसायचं हाय."

"धावी करून काय कलेक्टर व्हनार का?"

"नापास झाले तर बगू काय व्हायचं ते."

रांगेतल्या बाया हसल्या. कौशल्याबाई माझ्याकडं वळली. "तुमी बोला की. तुमच्या म्होरं पोरगी उलटून बोलती अन् तुमी गप."

मी म्हटलं, "तिनं सांगितलं की, कौशल्याबाई." मग खणातल्या बांगड्या आणून तिच्या हातात दिल्या.

"तुमीच बिघडिवली."

"असेल," मी म्हटलं.

तिनं घागर भरली आणि गेली. वेरूनं भरलेला हंडा उचलला. मी धरायला गेले नाही. तिनं तो चुलीपर्यंत नेला. तिचं एक नाही म्हणणं म्हणजे सगळं मिटलं, असं मी समजत नाही. म्हाळूला लोक बोलतील, कौशल्याबाई तुझ्या दारात येईल. तेव्हा तू एकटी असणार नाहीस. मी येईन, आणि या वेळी पेटीपुढं बसून राहणार नाही.

काल चार वाजता मी दृढीकरणाची यादी घेऊन तिच्याकडं गेले. ज्याचं त्यानं आपल्या धर्ममातेचं किंवा धर्मपित्याचं नाव लिहायचं असतं. आठ जणांची लिहून झाली होती. मी म्हटलं, "आईची परवानगी आली आहे. आता तू लिहायचं."

ती पेन हातात धरून बसली.

"राग आहे का माझ्यावर?"

"हाय. पन तुमचं नाव लिवत न्हाई ते त्याच्यासाठी न्हाई, बाई."

"मग?"

"छबुबाईचं लिवते. ती कुनाला काय सांगत न्हाई. नुसतं जेवलीस का इचारती."

मी बरं म्हटलं. उठणार होते, पण मला राहवलं नाही. "आधी तू स्वतःच मला विचारायला आली होतीस," असं मी तिला म्हटलं. तुला कळवायचं म्हणून तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते:

"तुमी मला लई आवडता, बाई. तुमचा हात खांद्यावर आला का मला ऐकावंसंच वाटतं. म्हून नको."

आगाथा